निळ्या रक्ताचे ऋण

अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे संपूर्ण नाव बीड जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत सहसा कोणी उच्चारीत नाही. ‘अंबाजोगाईला नेले’ एवढेच म्हणतात, आणि दुखणे गावच्या डॉक्टरच्या हाताबाहेर गेले, हे ऐकणाऱ्याला उमगते. उसाच्या फडावरून ताप अंगात घेऊन परतलेला तोडणी कामगार, अडलेली बाळंतीण, जुलाबाने गळून गेलेले लेकरू अशा साऱ्यांची वाट तिकडे जाते. खाटेवर निजवल्यावर पहिली गोष्ट होते ती सलाईन लावण्याची. बाटलीतले पाणी थेंबाथेंबाने शिरेत उतरू लागते आणि उशाशी बसलेल्या माउलीचा जीव भांड्यात पडतो. त्या पाण्यात विष नाही, याची ग्वाही मात्र कोणी दिलेली असते?

कारखान्यातील रसायनशास्त्रज्ञाने, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. गेली चाळीसहून अधिक वर्षे जगभर ही ग्वाही प्रामुख्याने एका समुद्रजीवाच्या रक्ताने दिलेली आहे. इंग्रजीत त्याला ‘हॉर्सशू क्रॅब’ म्हणतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर तो आढळत नसल्याने मराठीत त्याला रूढ नाव नाही. बंगाली कोळी त्याला राजकांकडा म्हणतात. घोड्याच्या नालेसारखी पाठ आणि मागे भाल्यासारखी शेपटी असलेल्या या जीवाला नालखेकडा म्हणणे सोयीचे. वास्तविक तो खेकडा नव्हेच; कोळी आणि विंचू हे त्याचे अधिक जवळचे भाऊबंद. विंचवाशी ज्यांचा नित्याचा संबंध येतो त्या मराठवाड्यातील शेतकऱ्याला हे नाते चटकन पटावे.

या जीवाचे प्राचीनत्व मनाला थक्क करणारे आहे. कॅनडात सापडलेले त्याच्या कुळाचे जीवाश्म सुमारे साडेचव्वेचाळीस कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. बीडच्या पाठीशी उभ्या असलेल्या बालाघाटच्या डोंगराचा काळा पाषाण ज्या लाव्हारसातून घडला, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. बालाघाट उकळत होता तेव्हाही हे कूळ पुरातनच होते. डायनासोर आले आणि गेले. हा जीव टिकून राहिला.

त्याच्या टिकण्याचे एक रहस्य त्याच्या रक्तात आहे. माणसाच्या रक्तात लोह असते, म्हणून ते लाल. नालखेकड्याच्या रक्तात तांबे असते. हवेतील प्राणवायूचा स्पर्श होताच ते निळे दिसू लागते. १९५६ मध्ये फ्रेडरिक बँग या अमेरिकन वैद्यकाने असे पाहिले की, विशिष्ट जंतू शिरताच हे रक्त गोठते. जंतू उकळून मारलेले असले, तरीही गोठते. बँग आणि त्यांचे सहकारी जॅक लेव्हिन यांनी पुढे दाखवून दिले की, या रक्तातील पेशी जंतूंच्या कवचातील एका विषाला ओळखतात. त्याला एंडोटॉक्सिन अर्थात अंतर्विष म्हणतात.

येथे एक गोष्ट समजून घेणे अगत्याचे आहे. पाणी उकळले की जंतू मरतात, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण मेलेल्या जंतूंच्या कवचाचे विष उकळून नष्ट होत नाही. ते पोटात गेले तर सहसा काही बिघडत नाही. शिरेत गेले तर हुडहुडी भरते, ताप चढतो, रक्तदाब कोसळतो आणि प्रसंगी प्राणही जातो. म्हणूनच सलाईन, इन्सुलिन, लस, शिरेतून द्यावयाचे प्रतिजैविक यांपैकी काहीही अंतर्विषाच्या परीक्षेवाचून बाजारात येता कामा नये, असा नियम आहे. पूर्वी ही परीक्षा सशांवर होई. सशाच्या कानाच्या शिरेत औषध टोचायचे आणि त्याला ताप येतो का, हे तासन्‌तास पाहत बसायचे. नालखेकड्याच्या रक्तपेशींपासून केलेला अर्क हेच उत्तर तासाभरात देतो, आणि एक लाख कोटी भागांत एक भाग इतके सूक्ष्म अंतर्विषही त्याच्या नजरेतून सुटत नाही. १९७७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या पद्धतीला मान्यता दिली आणि ती जगभर पसरली. असंख्य ससे सुटले. सशांच्या जागी नालखेकडे आले, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात आले नाही.

परळीच्या वैद्यनाथाची कथा बीड जिल्ह्यात घराघरांत सांगितली जाते. समुद्रमंथनातून निघालेले अमृत आणि धन्वंतरी दानवांच्या हाती पडू नयेत म्हणून शिवलिंगात ठेवले गेले, अशी ही श्रद्धा. औषध सागरातून आले, ही स्मृती सागरापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या गावाने जपावी, याचे नवल वाटते. भूगोलही या श्रद्धेला साथ देतो. बीडचा समुद्र कोकणातला नव्हे. सिंदफणा, बिंदुसरा, मांजरा यांचे पाणी गोदावरीला मिळते आणि आष्टीकडचे पाणी सीना व भीमेतून कृष्णेला. दोन्ही वाटा अखेर बंगालच्या उपसागराला पोहोचतात. त्याच उपसागराच्या उत्तर टोकाला, ओडिशाच्या बालेश्वर किनाऱ्यावर आणि सुंदरबनाच्या खारफुटीत, भारतातील नालखेकडे राहतात. जगात त्याच्या चारच प्रजाती उरल्या आहेत. त्यांपैकी दोन भारतात आहेत.

हे रक्त कसे मिळवितात? अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दरवर्षी लाखो नालखेकडे पकडून प्रयोगशाळेत नेले जातात. रांगेने बांधून त्यांच्या हृदयाजवळ सुई खुपसतात आणि सुमारे तिसरा हिस्सा रक्त काढून त्यांना पुन्हा समुद्रात सोडतात. त्यांपैकी शेकडा पंधरा ते तीस मरतात, असे निरनिराळे अभ्यास सांगतात. चीनमध्ये तर रक्त काढल्यावर त्यांना सोडण्याची तसदीही पुष्कळदा घेतली गेली नाही. ते खाद्य म्हणून विकले गेले. तेथील प्रजाती २०१९ मध्ये जागतिक स्तरावर संकटग्रस्त ठरली. अमेरिकेतील डेलावेअर उपसागराच्या वाळूत हा जीव अंडी घालतो. दक्षिण अमेरिकेतून उत्तर ध्रुवाकडे निघालेला रेड नॉट नावाचा चिमुकला पक्षी वाटेत तेथे उतरतो आणि ती अंडी खाऊन पुढच्या उड्डाणाची शिदोरी बांधतो. अंडी घटली, तसे पक्षीही घटले. २०१४ मध्ये अमेरिकेला या पक्ष्यालाही संरक्षित यादीत घ्यावे लागले.

भारतातील चित्र वेगळे आहे. बरे आहे असे मात्र म्हणवत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये येथे नालखेकडा पकडणे वा मारणे हा गुन्हा आहे. तरीही तो मरतो, आणि मरतो तो निष्काळजीपणाने. पौर्णिमा-अमावास्येच्या भरतीबरोबर मादी किनाऱ्याकडे सरकते. नर तिच्या पाठीला घट्ट बिलगलेला असतो. वाळूत खळगा करून ती अंडी घालते. नेमक्या याच वाटेवर कोळ्यांची जाळी पसरलेली असतात. जाळ्यात अडकलेला हा जीव विकत कोणी घेत नाही. सोडवत बसावे तर जाळे फाटते, म्हणून त्याचे पाय मोडून त्याला किनाऱ्यावर फेकून दिले जाते. टाकून दिलेल्या जाळ्यांतही तो गुरफटतो. किनारा खचतो, वाळू उपसली जाते, कोळंबीची तळी वाढतात, आणि अंडी घालण्याची जागा आक्रसत जाते. त्याच्या शेपटीचे टोक दंडाला बांधले की वेदना शमतात, अशी तिकडच्या लोकांची समजूत आहे. औषधी गुणाची जाणीव कोळीवाड्याला होती. ती नेमकी कोठे दडली आहे, हे ठाऊक नव्हते, इतकेच.

या प्रजातींचा भारतात पद्धतशीर अभ्यास झाला तो गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत. तेथील डॉ. अनिल चॅटर्जी यांनी बालेश्वरजवळच्या बलरामगडी किनाऱ्यावर वर्षानुवर्षे काम केले. २०२३ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाने ओडिशात नालखेकड्यांच्या पाठीवर खुणेच्या चकत्या बसवून त्यांच्या हालचालींचा माग घेण्यास आरंभ केला. काम स्तुत्य आहे, पण उशिरा सुरू झालेले आहे. बीडच्या पाटोदा तालुक्यात नायगावला मोरांसाठी अभयारण्य आहे, आणि ते असायलाच हवे. मोर देखणा, कार्तिकेयाचे वाहन, राष्ट्रीय पक्षी. शेवाळ माखलेल्या, लोखंडी टोपासारख्या दिसणाऱ्या जीवासाठी एवढी आस्था कोठून येणार?

कोणी म्हणेल, खाटेवरच्या लेकराचा जीव मोठा की खेकड्याचा? लेकराचा, यात संशयाला जागा नाही. परीक्षेवाचून औषध टोचावे, असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. प्रश्न परीक्षा करावी की न करावी हा नाहीच. तीच परीक्षा रक्ताविना करता येते, हे सिद्ध झाल्यावरही रक्त काढत राहावे का, हा प्रश्न आहे.

आणि हे सिद्ध झालेले आहे. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील डिंग जॅक लिंग आणि हो बाऊ या शास्त्रज्ञ दांपत्याने नालखेकड्याच्या रक्तातील अंतर्विष ओळखणाऱ्या ‘फॅक्टर सी’ या प्रथिनाचा जनुक वेगळा केला आणि प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींकडून ते प्रथिन बनवून घेतले. त्यासाठी त्यांनी निवडलेली प्रजाती खारफुटीत राहणारी होती. सुंदरबनात जी आढळते तीच. २००३ पासून ही कृत्रिम परीक्षा बाजारात उपलब्ध आहे. जुना अर्क बुरशीच्या कवचातील काही द्रव्यांनाही भुलतो आणि निर्दोष औषधाला दोषी ठरवितो; नवी परीक्षा त्या भ्रमात पडत नाही. युरोपच्या औषधसंहितेने १ जानेवारी २०२१ पासून तिला स्थान दिले. अमेरिकेची औषधसंहिता आपला पाय बरीच वर्षे मागे ओढीत राहिली, पण २०२४ मध्ये तिनेही मान्यता दिली आणि मे २०२५ पासून ती लागू झाली. एली लिली या कंपनीने तर त्याआधीच, २०१८ मध्ये, या परीक्षेच्या बळावर आपले एक इंजेक्शन मंजूर करून घेतले होते.

मग अडते कोठे? सवयीवर, आणि बदलाच्या खर्चावर. जुनी परीक्षा हाताशी आहे, तिची कागदपत्रे तयार आहेत, तपासनीस तिला सरावलेले आहेत. नवी स्वीकारायची तर प्रत्येक औषधासाठी ती खरी उतरते, हे नव्याने दाखवावे लागते. कारखानदाराची ही अडचण खोटी नाही. पण ज्या देशाने करोनाच्या काळात, १७ जुलै २०२२ पर्यंत, आपल्या नागरिकांना २०० कोटी मात्रा टोचून दाखविल्या, त्या देशाच्या औषधउद्योगाला ही अडचण अशक्यप्राय वाटावी, हे पटत नाही. ज्यांना स्वदेशीची चाड आहे त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या कृत्रिम प्रथिनाच्या मूळ पेटंटची मुदत २०१८ च्या सुमारास संपू लागली. पेशी वाढवून प्रथिने काढण्याची विद्या पुण्या-हैदराबादेत पाण्यासारखी परिचित आहे. ओडिशाच्या किनाऱ्यावर रक्त काढण्याचा धंदा उभारून रोजगार द्यावा, असे उद्या कोणी सुचवील. ते सुचण्यापूर्वीच हा मार्ग धरलेला बरा.

भारतीय परंपरेत पंचमहायज्ञ सांगितले आहेत. त्यांतील भूतयज्ञ इतर प्राणिमात्रांसाठी. मराठवाड्यातील शेतकरी तो शास्त्र न वाचताही पाळतो. पोळ्याच्या दिवशी तो बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतो, आणि त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवीत नाही. गावात ट्रॅक्टर आला तेव्हा कित्येक बैलांच्या मानेवरचे जू कायमचेच उतरले. कॅप्सूलच्या वेष्टनात प्राणिजन्य पदार्थ आहे का, असे औषधाच्या दुकानात आवर्जून विचारणारी घरे मध्यमवर्गात आज पुष्कळ आहेत. सलाईनच्या बाटलीविषयी तसा प्रश्न आजवर विचारला गेला नाही, कारण त्यात प्राण्याचे काही नसतेच. प्राण्याचे असते ते बाटलीमागच्या परीक्षेत.

औषधांच्या कसोट्या ठरविणारा भारतीय औषधसंहिता आयोग गाझियाबादेत आहे. बीड जिल्ह्यात औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये आहेत आणि दरवर्षी तेथून शेकडो तरुण पदविका-पदव्या घेऊन बाहेर पडतात; त्यांतले कित्येक छत्रपती संभाजीनगर, पुणे आणि हैदराबाद येथील कारखान्यांच्या गुणवत्ता-तपासणी विभागांत रुजू होतात. जुन्या अर्काची कुपी त्यांच्याच हातात असते. ती कुपी बदलण्यासाठी कंपनीने कोणते वर्ष ठरविले आहे, हे आपल्या वरिष्ठांना विचारण्याचा अधिकारही त्यांना आहे.