पाच टक्क्यांचे 774 रुपये

मी ग्रामसेवक होतो. नोकरी 33 वर्षं झाली आणि ग्रामपंचायतीचे नमुनेही 33, त्यामुळे वर्षाला एक नमुना शिकलो असं मी गमतीनं सांगतो. आता या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. नाव बदललं, रोकडवही तीच आहे.

नरखेड तालुक्यातल्या एका गावचं अंदाजपत्रक मी बरीच वर्षं लिहिलं. गावाचं नाव सांगत नाही, कारण चूक गावाची नव्हती, माझी होती. नमुना 1 मध्ये एक ओळ असते: अपंग कल्याण, स्वउत्पन्नाच्या 5 टक्के. आधी 3 टक्के होती, 2018 पासून 5 झाली. स्वउत्पन्न म्हणजे घरपट्टी, दिवाबत्ती, बाजाराच्या पावत्या, गाळ्याचं भाडं, असंच किडूकमिडूक. त्या वर्षी आमची वसुली 4 लाख 80 हजार होती. 5 टक्के म्हणजे 24 हजार. नोंदवहीत अपंग 31. मार्च तोंडावर आला होता आणि खर्च तर दाखवायचा होता. मी 24,000 भागिले 31 केलं. प्रत्येकी 774 आले, वर सहा रुपये उरले. पैसे सगळ्यांच्या खात्यावर टाकले, सरपंचांसोबत फोटो काढला, उपयोगिता प्रमाणपत्र पंचायत समितीला पाठवलं. ऑडिटमध्ये एकही शक, म्हणजे आक्षेप, निघाला नाही.

त्या 31 जणांत मळणीयंत्रात दोन बोटं गेलेला एक शेतकरी होता. कमी ऐकू येणारे एक म्हातारबुवा होते, त्यांची सहा एकर संत्र्याची बाग. आणि नऊ वर्षांचा एक मुलगा होता, ज्याला बसताही येत नव्हतं. तिघांनाही 774. त्या मुलाची आई ग्रामपंचायतीच्या ओट्याखाली उभी राहून मला म्हणाली, "सचिवसाहेब, याच्यात पोराचं काय आणू जी?"

मी म्हणालो, "दूध आण त्याच्यासाठी."

त्याच वर्षी, काही महिन्यांनी, माझी नात जन्मली. जन्मल्यावर ती रडली नाही. सीपी, म्हणजे सेरेब्रल पाल्सी, हा शब्द आमच्या घरात तेव्हा आला आणि अजून गेलेला नाही. आज ती सहा वर्षांची आहे. मान धरते, हसते, रेल्वेचा भोंगा ऐकला की हात हलवते. आधाराशिवाय बसत नाही. तिची खुर्ची गावातल्या सुतारानं केली, संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्यांची. छातीजवळ पट्टा, पायाखाली पाटी, आणि पाय एकमेकांत अडकू नयेत म्हणून मधे एक ठोकळा. तीनदा मोडून केली, कारण पोर वाढत जातं आणि लाकूड वाढत नाही.

या वर्षी तिच्या दिव्यांग प्रमाणपत्राची मुदत संपली. पांगळेपणाला मुदत नाही, कागदाला आहे. सून, मी आणि ती, सकाळच्या आमला पॅसेंजरनं नागपूरला निघालो. नरखेडहून नागपूर 80-85 किलोमीटर. आपल्याला ते अंतर वाटत नाही, पण सहा वर्षांचं ताठर अंगाचं मूल मांडीवर घेऊन बसलं की काटोल येईपर्यंतच मांडी बधिर होते. खुर्ची नेता येत नाही. दवाखान्यात रांग होती. आमचा नंबर लागला तेव्हा ती झोपली होती आणि डॉक्टरांना ती जागी पाहायची होती. सुनेनं तिला उठवलं, ती रडली, अंग आणखी ताठ झालं. तपासणी चार मिनिटांची. 75 टक्के, पूर्वीइतकेच. म्हणजे कार्ड पिवळंच राहिलं. 80 आणि त्याच्या वर असतं तर निळं मिळालं असतं. ऑटो, जेवण, सुनेची शिवणकामाची बुडालेली मजुरी धरून दिवस हजाराच्या वर गेला. आम्हाला झेपतं, मला पेन्शन आहे. दुसऱ्या एका बाईला एका कागदावर सही कमी म्हणून पुढच्या आठवड्यात बोलावलं. ती कळमेश्वरच्या पुढची होती. पोराला पाठीवर बांधून आली होती.

परतीच्या गाडीत माझ्या डोक्यात पंचनामा घोळत होता. आमच्या भागात संत्र्याची फळगळ झाली की तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक असे तिघं बागेत जातात. मी स्वतः शेकडो वेळा गेलोय, चिखल तुडवत, गळालेली फळं पायानं बाजूला करत. झाडाला कोणी नागपूरला घेऊन या म्हणत नाही. बहुवार्षिक पिकाला आपत्तीच्या निकषात हेक्टरी 22,500 रुपये असा दर ठरलेला आहे. कमी आहे, उशिरा मिळतो, त्यावरून भांडणं होतात, सगळं खरं. पण दर आहे, आणि सरकार झाडापाशी येतं. पोरापाशी येत नाही.

पैशाचंही बघा. केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतन योजना 18 वर्षांच्या पुढच्यांसाठी आहे, 80 टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचं घर या अटींवर, महिना 300 रुपये. म्हणजे पहिली 18 वर्षं, ज्यात हाडं वाकतात किंवा सरळ राहतात, त्यांना तिथं जागाच नाही. राज्याची संजय गांधी निराधार योजना त्या मानानं बरी. जुलै 2023 मध्ये तिची रक्कम महिना 1,500 झाली आणि ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांना 2,500 देण्याचा निर्णय झाला. ज्यांनी हा निर्णय घेतला त्यांचं मी मोकळेपणानं कौतुक करतो. फक्त एक आठवण द्यावीशी वाटते: 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 24 मध्येच लिहिलंय की तशाच प्रकारच्या दुसऱ्या योजनांपेक्षा दिव्यांगांची मदत किमान 25 टक्के जास्त असावी. इतरांना 1,500 असताना दिव्यांगांना 1,875 द्यायला हवे होते. तेवढी वाढ द्यायला 2025 साल उजाडलं, आणि तेही दिव्यांगांसाठी आंदोलन करणाऱ्या बच्चू कडूंनी मोझरीला अन्नत्याग केल्यावर. त्यांची मागणी महिना 6,000 ची होती. आंध्रात 2024 पासून तेवढे मिळतात.

खरी अडचण मात्र रकमेत नाही, उत्पन्नाच्या दाखल्यात आहे. संजय गांधी योजनेत दिव्यांगाच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50 हजारांच्या आत लागतं. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला 2025-26 चा दर 312 रुपये होता. 160 दिवसांचे होतात 49,920. घरातल्या एका माणसानं सरकारनंच ठरवलेल्या मजुरीवर वर्षात 161 वा दिवस काम केलं की त्या घरचं पांगळं पोर योजनेबाहेर. दोघं नवराबायको कामाला गेले तर 81 व्या दिवशीच. मग सगळेच 21 हजार, 35 हजार असे दाखले आणतात. मी तलाठ्यांच्या शेजारी बसून हे पाहिलंय. खोटं कोणालाच बोलायचं नसतं, पण खरं लिहिलं तर अर्जच बसत नाही.

याच घरातल्या आईला लाडक्या बहिणीचे 1,500 मिळतात आणि तिथं कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. मी त्या योजनेच्या विरोधात नाही, माझ्या सुनेच्या मैत्रिणींचे हात त्या पैशानं थोडे मोकळे केलेत. पण तेच घर, तीच चूल. आईसाठी अडीच लाखांपर्यंत गरीब आणि लेकरासाठी 50 हजारांपर्यंतच गरीब, हे कोणत्या हिशेबानं? निदान 18 वर्षांखालच्या दिव्यांग मुलांसाठी ही मर्यादा अडीच लाखांवर न्या. नवीन योजना नको, नवीन नाव नको, फलकावर नवीन फोटोही नको. एका आकड्याचा बदल आहे. अधिवेशन दर हिवाळ्यात आमच्याच नागपूरला भरतं आणि तिथं पुरवणी मागण्या मांडल्या जातात. त्यात ही एक बसायला हरकत नसावी.

शाळेकडे वळतो. समग्र शिक्षामध्ये विशेष गरजा असलेल्या मुलामागे वर्षाला 3,500 रुपयांचा हिशेब आहे. दिवसाचे साडेनऊ रुपये. नरखेडच्या स्टँडवरचा चहासुद्धा त्यात बसत नाही. 2024 मध्ये राज्यानं विशेष शिक्षकांची 4,860 पदं निर्माण केली, शाळांच्या केंद्रामागे एक. एका केंद्रात दहा-बारा शाळा सहज असतात. येणारा शिक्षक कितीही जीव लावणारा असला तरी वाट पाहायला लावणारच. माझी नात शाळेच्या पटावर आहे, बहुतेक दिवस मात्र त्या फळ्यांच्या खुर्चीत.

अपंगांच्या यादीची गंमत तर मीच केलेली आहे. माझ्या 31 जणांच्या नोंदवहीत मुलं फक्त चार होती. अंगणवाडी सेविकेकडे वेगळी यादी, शाळेकडे वेगळी. बाल आरोग्य तपासणीची गाडी वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, तिचं रजिस्टर आणखी वेगळं. मी कधी त्या याद्या शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. ग्रामपंचायतीत नाव लागायचं तर कोणीतरी अर्ज घेऊन ओट्यावर यावं लागतं आणि मुलं अर्ज करत नाहीत. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाख 63 हजार दिव्यांग मोजले गेले, तेव्हा प्रकार आठ होते. कायद्यात आता 21 आहेत. पुढची जनगणना 2027 ची. दारात उभं राहून अनोळखी माणसानं "घरात कोणी अपंग?" असं विचारलं की आजी पटकन "नाही बाप्पा" म्हणते, हे मला माहीत आहे, कारण माझ्या घरातही एकदा तसंच झालं.

केंद्राच्या अर्थसंकल्पात स्त्रियांसाठीचं वेगळं विवरण 2005-06 पासून आणि मुलांसाठीचं 2008-09 पासून जोडलं जातं. त्यामुळे सगळं सुधारलं असं नाही, पण निदान कोणी बोट ठेवून विचारू शकतं. दिव्यांगांसाठी असं विवरण नाही. महाराष्ट्रानं डिसेंबर 2022 मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला. त्या विभागानं पहिलं काम हे करावं: आरोग्य, शिक्षण, महिला-बालविकास, ग्रामविकास अशा सगळ्या खात्यांतून 18 खालच्या दिव्यांग मुलावर किती रुपये गेले, ते एका कागदावर, तालुकावार छापावं. नरखेडचा आकडा मला वाचायचा आहे.

आणि ते 5 टक्के. मी वाटले तसे वाटणं बंद करा म्हणणं सोपं आहे. एकदा मी सामूहिक खर्चाचा विषय काढला होता, तेव्हा मोठी माणसं चिडली. "आमचा पैसा आमच्या हाती द्या." त्यांचंही चूक नव्हतं. वर्षभरात सरकारकडून त्यांना तेवढंच हाती मिळायचं. म्हणून सगळी रक्कम नाही, फक्त मुलांच्या वाट्याची बाजूला काढा. आमच्या गावचे चार गुणिले 774 म्हणजे 3,096 रुपये. त्यात एका गावाला काही होत नाही. पण तालुक्यातल्या सगळ्या ग्रामपंचायती, नरखेड आणि मोवाड या दोन नगर परिषदा आणि जिल्हा परिषदेच्या 5 टक्क्यांतला तालुक्याचा वाटा एका ठिकाणी आला, तर एका फिजिओथेरपिस्टचा आणि बोलणं शिकवणाऱ्या एका तज्ज्ञाचा पगार उभा राहायला सुरुवात तरी होईल. कमी पडेल ते जिल्हा नियोजनातून घाला. नरखेड, मोवाड, जलालखेडा, सावरगाव, ज्या गावचा ज्या दिवशी बाजार, त्या दिवशी तिथं ते बसतील. बाजाराला माणूस येतोच. पोराला घेऊन येईल.

हे स्वप्नरंजन नाही. केरळमध्ये वेंगानूर या पंचायतीनं 2004 मध्ये बौद्धिक अपंग मुलांसाठी बड्स नावाची शाळा काढली आणि मग तशा शाळा राज्यभर झाल्या. काढणारी एक पंचायतच होती, तिलाही माझ्यासारखाच कोणी सचिव असेल. त्याच्या हाती बहुधा कॅल्क्युलेटर नसावा.

सीपी असलेल्या मुलांसाठी निरामय नावाचा विमा आहे, 1 लाखापर्यंतचा, त्यात थेरपीचाही खर्च बसतो. आम्ही काढला. पण बिल लावायला आधी थेरपी हवी आणि ती देणारा माणूस आमच्या गावाजवळ नाही. आठवड्यातून दोनदा नागपूर कोण करणार? सून मोबाइलवर व्हिडिओ बघून नातीचे पाय ताणते. बरोबर ताणते की चूक, हे सांगायला कोणी नाही.

नोव्हेंबरातल्या ग्रामसभेत मी हा विषय मांडला, या वेळी ओट्याखालून. आताचा ग्रामपंचायत अधिकारी चांगला पोरगा आहे, माझ्या मुलापेक्षा लहान. त्यानं ऐकून घेतलं, कच्चं अंदाजपत्रक उघडलं आणि विचारलं, "काका, हे कोणत्या हेडखाली टाकू?"

"5 टक्क्यांची ओळ आहे ना, तिच्याखाली आणखी एक ओळ काढ. 18 वर्षांखालील."

त्यानं पेन्सिलीनं ओळ लिहिली. समोरचा रकमेचा रकाना रिकामा ठेवला आणि म्हणाला, तालुक्याला विचारून सांगतो.