शब्द द्यायचा तर शाळा संपेपर्यंतचा



येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे एक ठराव येणार आहे. गणेशोत्सव आणि दिवाळीच्या कार्यक्रमांनंतर जमाखर्चात जी शिल्लक राहते, तिच्यातून मंडळाने भारतातील तिबेटी निर्वासित मुलांच्या जेवणाखाण्याचा, कपड्यालत्त्याचा आणि शाळेचा खर्च उचलावा, असा तो ठराव आहे. गेल्या दोन कार्यक्रमांत मध्यंतराच्या चहाला याचीच चर्चा होती. काहींना तो मनापासून पटला आहे, काहींना मुळीच नाही.

आमचे मत असे की ठराव चांगला आहे, पण अपुरा आहे. त्यात "यंदाच्या शिलकीतून" असे शब्द आहेत. ते काढून "मुलांचे शालेय शिक्षण पूर्ण होईपर्यंत" हे शब्द घालावेत. तेवढी तयारी नसेल तर ठराव न केलेला बरा.

आधी विरोधकांचे म्हणणे ऐकू. "आपल्या गावाकडे काय गरीब मुले थोडी आहेत? आधी घरचे बघा, मग दारचे." हा प्रश्न रास्त आहे आणि तो विचारणाऱ्यांपैकी कितीतरी जण आपल्या गावच्या शाळेला वर्षानुवर्षे पैसे पाठवीत आले आहेत. ते चालूच राहावे. पण निर्वासित मुलाची अडचण निराळी असते. आपल्या खेड्यातला मुलगा कितीही गरीब असला तरी जिल्हा परिषदेची शाळा त्याच्या हक्काची असते, आईबापांना मत असते आणि मत मागायला दारात कोणीतरी येते. निर्वासिताच्या मुलामागे हे काहीच नसते. भारतातील बरेच तिबेटी आजही नोंदणीच्या दाखल्यावर राहतात आणि त्या दाखल्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढवून घ्यावी लागते. व्हिसाची मुदत संपत आली की पोटात कसा गोळा येतो, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. आपल्याला निदान परत जायला देश होता.

शिवाय ही मुले आपल्याला वाटतात तितकी लांबची नाहीत. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. ती १९७२ च्या सुमारास वसली, तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता. थंडीच्या दिवसांत मुंबईत परळला किंवा पुण्यात रस्त्याकडेला स्वेटर विकणारी तिबेटी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांच्याकडून घासाघीस करून घेतलेला एखादा स्वेटर अजून कोणाच्या तरी कपाटात असेल. त्या वेळी त्यांची मुले कुठे असतात, हे मात्र आपण कधी विचारले नाही. आईबाप तीन-चार महिने शहरोशहरी फिरतात, तेव्हा अनेक मुले वसतिगृहात असतात. त्या वसतिगृहाच्या खर्चाचाच हा प्रश्न आहे.

महाराष्ट्राला तर हे काम नवेही नाही. दुसऱ्या महायुद्धात रशियाने सैबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केलेली पोलिश कुटुंबे इराणमार्गे हिंदुस्थानात आली. त्यांतले सुमारे पाच हजार लोक, बहुतेक बायका आणि मुले, १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळ वळिवडे येथे राहिले. तिथे त्यांच्या शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होते. त्याआधी १९४२ मध्ये जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला पोलिश मुलांसाठी छावणी उघडली होती. वळिवड्याचा खर्च मुख्यतः लंडनमधल्या पोलिश सरकारने केला, हे खरे. पण दूध, भाजी, शेजार आणि माणुसकी कोल्हापूरची होती. ती मुले पुढे जगभर पांगली, तरी कोल्हापूरला विसरली नाहीत. म्हातारपणी ती वळिवडे पाहायला येत राहिली. त्या माणसांना तेव्हा "घरचे की दारचे" असे कोणी विचारले नव्हते.

आता तिबेटी मुलांच्या कामाची थोडी माहिती देतो, कारण ठरावात ती नाही. मार्च १९५९ मध्ये दलाई लामा ल्हासा सोडून भारतात आले आणि त्यांच्यामागून सुमारे ऐंशी हजार माणसे आली. त्यांतल्या अनेकांना डोंगरात रस्ते बांधण्याचे काम मिळाले. तंबूत राहायचे, दिवसभर दगड फोडायचे आणि मुले तिथेच धुळीत बसलेली. पुष्कळ मुले आजारी पडली, काही दगावली. १७ मे १९६० रोजी जम्मूकडच्या अशाच रस्त्यांवरून ५१ मुले धरमशाळेला आणली गेली आणि दलाई लामांच्या थोरल्या भगिनी त्सेरिंग डोल्मा यांनी त्यांचा सांभाळ हाती घेतला. १९६४ मध्ये त्या वारल्यावर धाकट्या भगिनी जेत्सुन पेमा यांनी ते काम पुढे चाळीसहून अधिक वर्षे चालवले. याच कामाचे पुढे "तिबेटन चिल्ड्रन्स व्हिलेज" झाले. तिथे मुले गटागटाने घरांत राहतात आणि प्रत्येक घराला एक आई असते. भारत सरकारनेही १९६१ पासून तिबेटी मुलांसाठी वेगळ्या शाळा काढल्या. भारताने निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नसताना हे केले, याचा आपल्याला अभिमान वाटायला हरकत नाही.

ही घरे इतकी वर्षे चालली ती मुख्यतः परदेशातील दत्तक पालकांच्या पैशावर. त्या पैशाचे मोल रकमेपेक्षा तो नेमाने येत राहिला यात जास्त आहे. डाळ-तांदूळ दर महिन्याला लागतात. घरातल्या आईचा आणि शाळेतल्या शिक्षकाचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो. सहा वर्षांचे मूल पहिलीत आले की पुढची बारा वर्षे ते जेवणार, वाढणार, त्याचे बूट लहान होणार. आपण एक वर्ष पैसे देऊन थांबलो तर संस्थेला त्या मुलाला बाहेर काढता येत नाही. तिला दुसरा दाता शोधावा लागतो, किंवा बाकीच्या मुलांच्या ताटातले थोडे थोडे काढावे लागते. आपल्याला मात्र आपण पुण्य केले असेच वाटत राहते.

मुले गळतात ती पहिलीत नव्हे, पुढे. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त कार्यालयाच्या २०२४ च्या शिक्षण अहवालाप्रमाणे जगभरातील निर्वासित मुलांपैकी प्राथमिक शाळेत सुमारे ६५ टक्के, माध्यमिक शाळेत सुमारे ४२ टक्के आणि कॉलेजात अवघी ७ टक्के जातात. तिबेटी मुलांची स्थिती याहून पुष्कळ बरी आहे, आणि त्याचे एक मोठे कारण म्हणजे मधेच न तुटलेली मदत. २०१३ मध्ये "जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी" या नियतकालिकात सहा देशांतील पालकत्व योजनांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या सहांत भारतही होता. योजनेतील मुले इतरांपेक्षा सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकली, असे त्यात आढळले. ती मुले निर्वासित नव्हती, पण टिकून दिलेल्या मदतीचे फळ त्यावरून कळते.

दुसरा मुद्दा नाजूक आहे. ठराव मांडणाऱ्यांपैकी काहींची सूचना अशी की प्रत्येक कुटुंबाला एकेक मूल वाटून द्यावे, त्याचा फोटो घरात लावावा, आपल्या मुलांनी त्याला पत्रे लिहावीत. भावना समजते. या पद्धतीचा उगमही निर्वासित मुलांतच आहे. १९३७ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धातील मुलांसाठी एका इंग्रज पत्रकाराने "फॉस्टर पेरेंट्स प्लॅन" काढला, तो याच धर्तीवर. चेहरा दिसला की माणूस जास्त देतो आणि जास्त दिवस देतो, हेही खरे आहे.

पण यात धोके आहेत. १९९८ मध्ये "शिकागो ट्रिब्यून" या वर्तमानपत्राने अशा योजनांची तपासणी केली, तेव्हा काही मुले वारल्यानंतरही त्यांच्या नावाने पैसे गोळा होत असल्याचे उघड झाले. त्याहून मोठा धोका आपल्याच मनातला असतो. १९६० नंतरच्या काही वर्षांत सुमारे १६० तिबेटी मुले स्वित्झर्लंडला नेऊन स्विस कुटुंबांत ठेवली गेली. हेतू चांगलाच होता. पण त्यांतल्या बऱ्याच मुलांचे आईबाप हयात होते. काही मुले पुढे आपल्या आईशी तिच्या भाषेत बोलूही शकली नाहीत. आपल्या मुलांचे मराठी टिकावे म्हणून दर रविवारी थंडीपावसात शाळा भरवणाऱ्या मंडळींना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

म्हणून आमची सूचना अशी की मूल कोणाच्याही वाट्याला देऊ नये. तीन किंवा चार मुलांचे पालकत्व संपूर्ण मंडळाने एकत्र घ्यावे. वर्षातून एकदा शाळेने मंडळाला कळवावे की मुले कोणत्या इयत्तेत आहेत आणि पैसे कशावर खर्च झाले. मुलांकडून आभाराची पत्रे मागू नयेत. त्यांची नावे आणि फोटो या वार्तापत्रातही छापू नयेत. जेवण मिळाले म्हणून दरवर्षी आभार लिहायला लागणे आपल्या मुलांना आवडेल का, एवढे स्वतःला विचारावे.

"आता तिबेटी मुले उरली आहेत किती?" असाही एक आक्षेप आला आहे. २००८ नंतर तिबेटमधून येणाऱ्यांची संख्या फार घटली, हे खरे. पण आमच्या मते हे ठरावाच्या बाजूनेच जाते. लाखो मुलांपुढे आपली शिल्लक म्हणजे समुद्रात थेंब. तीन-चार मुलांना पहिलीपासून बारावीपर्यंत नेणे मात्र आपल्यासारख्या लहान मंडळाच्या आवाक्यातले आहे.

आता व्यवहार. कार्यक्रमाची शिल्लक हा भरवशाचा पैसा नव्हे. हॉलचे भाडे वाढले किंवा नाटकाची तिकिटे खपली नाहीत की शिल्लक नाहीशी. बारा वर्षांचा शब्द तिच्यावर देता येत नाही. त्यासाठी दरमहा बँकेतून आपोआप जाणारी वर्गणी हवी. समजा चाळीस कुटुंबांनी महिना पाच पौंड दिले, तर वर्षाचे २,४०० पौंड होतात. देणारा येथे पुरेसा कर भरणारा असेल आणि पैसे नोंदणीकृत ब्रिटिश धर्मादाय संस्थेला दिले, तर गिफ्ट एडमुळे प्रत्येक पौंडामागे सरकारकडून २५ पेन्स मिळतात, म्हणजे ३,००० पौंड. रॅफलच्या तिकिटांवर ही सवलत मिळत नाही. कार्यक्रमांची शिल्लक गंगाजळी म्हणून बाजूला ठेवावी. निदान दोन वर्षांचा खर्च तीत जमल्याशिवाय पहिले मूल घेऊ नये.

"माझ्या ओळखीचा ट्रस्ट आहे, त्याच्याकडे पाठवू, तो पुढे देईल," असे काही जण म्हणतात. हा मार्ग आता बंद आहे. आपल्यापैकी ज्यांनी ब्रिटिश पासपोर्ट घेतला आहे त्यांचा पैसा भारतीय कायद्याने परदेशी देणगी ठरतो, मग ओसीआय कार्ड असले तरी. तो घेणाऱ्या संस्थेची परदेशी देणगी कायद्याखाली नोंदणी लागते आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावे लागतात. २०२० च्या दुरुस्तीपासून अशी देणगी एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही. तेव्हा ज्या संस्थेच्या वसतिगृहात मुले आहेत तिचीच नोंदणी आधी लेखी तपासावी, किंवा तिच्याशी थेट संबंध असलेल्या येथील धर्मादाय संस्थेमार्फत पैसे द्यावेत. आपल्या मंडळाच्या घटनेतील उद्दिष्टांत हे काम बसते की नाही, तेही कमिटीने सभेपूर्वी पाहावे.

हे सगळे वाचून कोणाचा उत्साह मावळला तर वाईट वाटून घेऊ नये. "एवढे आम्हाला झेपणार नाही" असे सभेत स्पष्ट सांगणे हे टाळ्यांच्या गजरात ठराव करून तिसऱ्या वर्षी विसरण्यापेक्षा केव्हाही चांगले. ज्या मुलाने एकदा घर, गाव आणि देश सोडला आहे, त्याला आपणही मधेच सोडून चालणार नाही.

सभेला अवश्य यावे. दरमहा किती देता येईल आणि किती वर्षे, हे चिठ्ठीवर लिहून आणावे. येणे शक्य नसेल त्यांनी आपले मत सेक्रेटरींकडे लेखी कळवावे. विरोधी पत्रेही पुढच्या अंकात जरूर छापू.

— संपादक मंडळ