रजा कुणाच्या खात्यातून?

मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणाऱ्या २००९ च्या कायद्यातले २७ वे कलम शिक्षकाला शाळाबाह्य कामांपासून संरक्षण देते. दशवार्षिक जनगणना, निवडणुका आणि आपत्तीनिवारण एवढीच कामे त्यात अपवाद म्हणून ठेवली आहेत. १४ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने आपत्ती निधीच्या वापरासाठी कोविडला अधिसूचित आपत्ती मानले. दहा दिवसांनी आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली टाळेबंदीचा आदेश निघाला आणि या अपवादाच्या वाटेने देशभरातला शिक्षक वर्गाबाहेर काढला गेला. सर्वेक्षण, तपासणी नाके, रुग्णांच्या याद्या, रेशनची व्यवस्था यांपैकी कुठल्याच कामाला त्याने नाही म्हटले नाही, आणि म्हणायला नकोच होते. त्या वेळी माणसांची गरज होती. पण तोच शिक्षक त्या कामात तापाने फणफणला तेव्हा त्याच्या अर्जावर आपत्तीचा उल्लेख उरला नाही. तो साधा आजारी कर्मचारी ठरला आणि त्याचे दिवस त्याच्या स्वतःच्या रजेच्या खात्यातून वजा झाले. काम देताना साथ ही आपत्ती आणि रजा देताना तीच साथ खासगी दुखणे, ही विसंगती आजही नियमांच्या पुस्तकात तशीच आहे. पुढची साथ येण्याआधी ती दूर झाली पाहिजे आणि त्याची सुरुवात सुरतेने करावी, असे आमचे मत आहे.

सुरतच का, याला कारण आहे. सुरत महापालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांच्या शाळा चालवते. एका महापालिकेने सात भाषांत मुले शिकवावीत, ही गोष्ट देशात विरळाच. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेली हजारो कुटुंबे राहतात. यंत्रमाग आणि रंगाई-छपाईच्या कारखान्यांत राबणाऱ्या या घरांतली मुले पालिकेच्या मराठी शाळेत जातात. २०२० च्या उन्हाळ्यात लिंबायत हा शहरातल्या सर्वांत बाधित भागांपैकी एक होता, जून-जुलैत हिरे घासणाऱ्या घंट्या पुन्हा फिरू लागल्या तशी साथ कतारगाम आणि वराछाकडे सरकली. दहा बाय दहाच्या खोल्यांच्या चाळींत घरोघर जाऊन कोण खोकतो, कोण गावाहून आला, कुणाला मधुमेह आहे याची नोंद करायची तर त्या गल्लीची भाषा आणि तिथली माणसे ओळखणारा माणूस लागतो. तो माणूस शाळेतला शिक्षकच असतो. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेने शहराच्या स्मशानभूमी रात्रंदिवस पेटत्या ठेवल्या, तेव्हा पालिका शाळांतल्या शिक्षकांना तिथे नोंदी ठेवण्याचे काम लावण्यात आले. ज्यांच्या हाती एरवी हजेरीपट असतो त्यांच्या हाती मृतांची यादी दिली गेली. एवढे मागणाऱ्या व्यवस्थेने त्यांच्या आजारपणाचे दिवस मोजताना हात आखडता घेऊ नये.

आता रजेचे गणित पाहू, कारण खरी अडचण या आकड्यांत आहे. गुजरातचे २००२ चे रजा नियम असोत, महाराष्ट्राचे १९८१ चे असोत की केंद्राचे, त्यांची घडण सारखीच आहे. केंद्राच्या नियमांत कर्मचाऱ्याला वर्षाला वीस दिवस अर्धवेतनी रजा मिळते. आजारपणात पूर्ण पगार हवा असेल तर ती परिवर्तित करून घ्यावी लागते आणि एका दिवसासाठी खात्यातून दोन दिवस जातात. म्हणजे वर्षभराच्या कमाईत पूर्ण पगाराचे आजारपण दहाच दिवसांचे. पहिल्या लाटेत विलगीकरणच चौदा दिवसांचे होते. एका लागणीत अठ्ठावीस दिवस खर्ची पडणार, म्हणजे जवळजवळ दीड वर्षाची जमा. नोकरीची दोन वर्षे झालेल्या तरुण शिक्षिकेला कोविड दोनदा झाला तर तिचे खाते रिकामे होऊन वर बिनपगारी दिवस सुरू होतात. सुरतेच्या शाळांतल्या भाषेत, कपात पगार.

'शिक्षकांना सुट्ट्या काय कमी असतात?' हा प्रश्न अशा वेळी हटकून विचारला जातो. त्याचे उत्तर त्याच नियमांत आहे. उन्हाळी आणि दिवाळीच्या सुट्टीमुळे शिक्षक दीर्घ सुट्टीच्या विभागात मोडतो. म्हणून इतर केंद्रीय कर्मचाऱ्यांना वर्षाला जी तीस दिवस अर्जित रजा मिळते ती त्याला तशी मिळत नाही. सुट्टीचा मोबदला त्याने आधीच चुकवलेला असतो. शिवाय सुट्टी मे महिन्यात येते, ताप ऑगस्टमध्ये येतो. २०२० आणि २०२१ च्या उन्हाळ्यात तर ज्यांना सर्वेक्षणाला पाठवले त्यांची सुट्टीही गेली. सुट्टीत आदेशाने कामावर बोलावले तर त्या प्रमाणात अर्जित रजा जमा करण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. त्यासाठी प्रत्येक शिक्षकाच्या हाती लेखी आदेश हवा, तारखा हव्यात. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर रात्री उशिरा आलेल्या 'उद्या सकाळी आठ वाजता हजर राहावे' या संदेशाच्या भरवशावर सेवापुस्तकात नोंद होत नाही.

साथीच्या रजेची कल्पना काही नवी नाही. ब्रिटिश काळापासून आपल्या सरकारी सेवेच्या नियमांत क्वारंटाईन रजा होती. घरात देवी, पटकी, प्लेग, घटसर्प असा रोग निघाला आणि वैद्यकीय अधिकाऱ्याने कर्मचाऱ्याला कचेरीत येऊ नये असे सांगितले, तर एकवीस दिवसांपर्यंत आणि अपवादाने तीस दिवसांपर्यंत ही रजा मिळे. ती कर्तव्यकाळ समजली जाई, पगार थांबत नसे, खात्यातून काही वजा होत नसे. तिचे तत्त्व शहाणपणाचे होते. माणूस स्वतःच्या सोयीसाठी घरी बसत नाही, इतरांना लागण होऊ नये म्हणून बसतो, तेव्हा त्याचा भार सरकारने उचलावा. मात्र कर्मचारी स्वतः आजारी पडला तर ही रजा लागू नसे, त्याने आपली रजा वापरावी. शंभर वर्षांपूर्वीची ती फट अजून बुजलेली नाही.

७ जून २०२१ रोजी केंद्राच्या कार्मिक विभागाने कोविड काळातल्या गैरहजेरीचा निवाडा करणारा आदेश काढला, त्यातही ती फट दिसते. आई-वडील किंवा अवलंबून असलेली व्यक्ती बाधित असेल तर पंधरा दिवस विशेष नैमित्तिक रजा, म्हणजे खात्याला धक्का नाही. स्वतःला लागण झाली तर वीस दिवसांपर्यंत परिवर्तित रजा, म्हणजे अर्धवेतनीचे चाळीस दिवस, दोन वर्षांची जमा. परिवर्तित रजा शिल्लक नसेल तर मग विशेष रजेचा विचार. या आदेशाचे श्रेय द्यायलाच हवे, कारण त्याने वैद्यकीय प्रमाणपत्राची सक्ती काढली आणि २५ मार्च २०२० पासूनची प्रकरणे मिटवली. पण तो टाळेबंदीनंतर सव्वा वर्षाने आला, केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी आला आणि कोविडचा अहवाल पॉझिटिव्ह असणे ही त्याची किल्ली होती. एप्रिल २०२१ मध्ये चाचणीसाठी रांगा होत्या, अहवाल यायला दिवस लागत होते आणि छातीच्या स्कॅनमध्ये फुप्फुसे पांढरी दिसत असताना नाकातला नमुना निगेटिव्ह येत होता. अशा शिक्षकाने कोणता कागद जोडायचा? नियम करणाऱ्यांनी साथीच्या ऐन भरातली परिस्थिती डोळ्यांपुढे ठेवून कागद मागितला पाहिजे. शहरात प्रयोगशाळा मोकळ्या असतात तेव्हाची नव्हे.

कागदाच्या अटीने काय होते, ते उत्तर प्रदेशाने दाखवले. एप्रिल २०२१ मध्ये तिथे पंचायत निवडणुका झाल्या. त्या कामात लागण होऊन १,६२१ शिक्षक आणि कर्मचारी दगावल्याचा दावा शिक्षक संघटनेने केला, सरकारने आधी तीन मृत्यू मान्य केले. घरून निघाल्यापासून काम संपवून घरी परतेपर्यंतचा मृत्यूच कर्तव्यावरचा, असा नियम होता आणि विषाणूला शरीरात भिनायला त्याहून अधिक वेळ लागतो. आरडाओरड झाल्यावर निवडणुकीच्या कामानंतर तीस दिवसांतला मृत्यू धरला जाईल असे ठरले आणि तीस लाख रुपयांची भरपाई देऊ केली गेली. महाराष्ट्राने २९ मे २०२० च्या निर्णयाने कोविड कर्तव्यावर मृत्यू आलेल्यांच्या वारसांना पन्नास लाख रुपये देऊ केले होते, त्यात सर्वेक्षणाच्या कामावरचे लोकही धरले होते. हे योग्यच झाले. तरी मृत्यूची किंमत ठरवणाऱ्या सरकारांनी आजारपणाचे दिवस ठरवले नाहीत, हे मनाला लागते. वेळेवर घरी थांबता आले असते तर त्यातले काही जण आज शाळेत शिकवत असते.

इंग्लंड-वेल्समधल्या शिक्षकांच्या सेवाशर्तींचे एक पुस्तक आहे, बर्गंडी बुक या नावाने ते ओळखले जाते. त्यातली तरतूद आम्हाला फार मोलाची वाटते. शिक्षकाला झालेला संसर्गजन्य रोग कामातूनच झाला असण्याची वाजवी शक्यता आहे असे नेमलेल्या डॉक्टरने सांगितले, तर पूर्ण पगार द्यायचा आणि ते दिवस आजारपणाच्या हक्काच्या रजेत मोजायचे नाहीत. खात्रीचा पुरावा नको, वाजवी शक्यता पुरे. साठ मुलांच्या वर्गात उभे राहणाऱ्याला नेमका कुणाकडून गोवर किंवा फ्लू लागला हे सिद्ध करता येत नाही, हे त्या नियमाने ओळखले आहे. कोविडच्या किती तरी वर्षे आधीपासून तो आहे. अमेरिकेने मार्च २०२० मध्ये घाईने कायदा करून दोन आठवड्यांची पगारी आजारपण रजा दिली खरी, पण ती त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला संपली. साथ संपली नव्हती.

इथवर ज्यांची गोष्ट केली त्यांची नोकरी तरी कायम आहे. गुजरातेत विद्यासहायक म्हणून लागलेल्या शिक्षकाला पहिली पाच वर्षे ठरावीक पगारावर काढावी लागतात. तासिकांवर काम करणारे प्रवासी शिक्षक होते, २०२३ पासून अकरा महिन्यांच्या करारावरचे ज्ञानसहायक आले. तासिकेवर पोट असलेल्याला ताप आला की त्या दिवसाची कमाई बुडते, म्हणून तो पॅरासिटामॉल घेऊन वर्गात येतो. त्याला बेजबाबदार म्हणणे अन्यायाचे आहे. महाराष्ट्राच्या शिक्षणसेवकांची आणि घड्याळी तासिकांवरच्या प्राध्यापकांची कथा याहून वेगळी नाही. खासगी विनाअनुदानित शाळांत तर टाळेबंदीत पगारच कापले गेले, कित्येकांचे बंद झाले. २०२० च्या सप्टेंबरअखेर गुजरात सरकारने खासगी शाळांच्या शुल्कात पंचवीस टक्के सवलत द्यायला लावली. पालकांना तो दिलासा आवश्यक होता. शिक्षकाचा पगार कुणी राखायचा, हे मात्र कुणी सांगितले नाही.

या शिक्षकाला कामगार कायद्याचाही आधार नाही. गोव्यातल्या एका शाळेच्या शिक्षिकेच्या खटल्यात, सुंदरंबल प्रकरणात, १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याखाली कामगार नाही असा निर्णय दिला. पण कायदा बदलता येतो, याचे उदाहरण गुजरातचेच आहे. अहमदाबादच्या खासगी प्राथमिक शिक्षकांच्या संघटनेने ग्रॅच्युइटीसाठी लढा दिला. २००४ मध्ये न्यायालयाने शिक्षक ग्रॅच्युइटीच्या कायद्यातला कर्मचारी नाही असे सांगितले, मात्र संसदेने याचा विचार करावा असेही सुचवले. २००९ मध्ये दुरुस्ती झाली, १९९७ पासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू झाली आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. ग्रॅच्युइटीबाबत जे जमले ते आजारपणाच्या रजेबाबत जमणार नाही असे मानायला कारण नाही.

गैरवापर होईल, ही शंका प्रशासनाला असते. रजा साथीपुरती बांधली तर ही शंका बरीच कमी होते. साथ जाहीर करण्याचा अधिकार शिक्षकाकडे नसतो, शासनाकडे असतो. खर्चाचे म्हणाल तर कायम शिक्षकाचा पगार अंदाजपत्रकात धरलेलाच आहे, नवा खर्च होतो तो त्याच्या जागी वर्ग सांभाळणाऱ्याचा. म्हणून प्रत्येक विभागात बदली शिक्षकांची लहानशी फळी हवी. नाहीतर रजा कागदावर मिळते आणि मुख्याध्यापक दोन वर्ग एकत्र बसवतात, जे साथीत सर्वांत धोक्याचे.

सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगने सुरत रिकामी झाली होती. माणसे मिळेल त्या गाडीने खानदेशाकडे, सौराष्ट्राकडे पळाली. पुढच्या वर्षी आयुक्त एस. आर. राव आले, अधिकाऱ्यांना वातानुकूलित खोल्यांतून काढून रोज रस्त्यावर उभे केले आणि दोन वर्षांत शहर स्वच्छतेसाठी नावाजले गेले. तेव्हा सुरतने साथीपासून गटारे आणि कचऱ्याविषयी धडा घेतला. आता साथीत राबणाऱ्या माणसांविषयी घ्यावा. गुजरात सरकारने रजा नियमांत साथरजा हे स्वतंत्र प्रकरण जोडावे. शासनाने साथ जाहीर केली की स्वतःच्या लागणीला आणि घरातल्या लागणीला सारखीच, पूर्ण पगाराची, खात्यातून वजा न होणारी रजा मिळावी. डॉक्टरची चिठ्ठी पुरेशी मानावी, चाचणीचा अहवाल मागून जोडता यावा. ही रजा विद्यासहायक, ज्ञानसहायक आणि तासिकांवरच्यांनाही लागू असावी. साथीच्या कामाचा प्रत्येक आदेश लेखी असावा आणि त्यावरच त्या कामातून आजारी पडल्यास काय मिळेल ते छापलेले असावे. महापालिकेच्या शाळांसाठी नगर प्राथमिक शिक्षण समितीने असा ठराव आताच करून राज्याकडे पाठवावा.

खासगी शाळांसाठी वेगळा मार्ग आहे आणि तो उपलब्ध आहे. २०१७ च्या शुल्क नियमन कायद्याखाली सुरत विभागाची स्वतंत्र समिती आहे. मर्यादेपेक्षा अधिक शुल्क हवे असलेल्या शाळेला तिच्यापुढे जमाखर्च मांडावा लागतो, त्यात शिक्षकांच्या पगाराचा आकडा असतोच. त्याच अर्जात आणखी एक रकाना घालावा: गेल्या वर्षी किती शिक्षकांना आजारपणाची पगारी रजा दिली, किती दिवस. तो रकाना रिकामा ठेवणाऱ्या शाळेला वाढीव शुल्क मंजूर करू नये.