कोपरावरच्या रुपेरी खपल्या

थंडीच्या दिवसांत कोपर आणि गुडघे खरखरीत होणे ही कोणत्याही घरातील नेहमीची गोष्ट आहे. खोबरेल तेल चोळले की चार-आठ दिवसांत कातडी पूर्ववत मऊ होते. परंतु एखादा चट्टा तेलाने तात्पुरता दबतो आणि पुन्हा कोरडा पडून कोंडा गाळू लागतो. त्याची कड बोटाला स्पष्ट लागते, आणि काही दिवसांनी दुसऱ्या कोपरावरही तसाच चट्टा उमटतो. अशा वेळी सोरायसिसची शंका घ्यावयास हवी.

आयुर्वेदाचे अभ्यासक या विकाराचे साम्य किटिभ किंवा एककुष्ठ यांच्याशी दाखवितात. परंतु आयुर्वेदात ‘कुष्ठ’ हा शब्द त्वचेच्या अनेक विकारांना मिळून योजलेला आहे, आणि आपल्या घरांत तो ऐकताच महारोगाचेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. म्हणून येथे परकीय नावच ठेवणे आम्हांला बरे वाटले. हा गोंधळ केवळ आपल्याकडचा नव्हे. युरोपातही हे दोन रोग दीर्घकाळ एकच समजले जात, व्हिएन्नाचे डॉ. फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी १८४१ मध्ये ते निराळे असल्याचे दाखवून दिले.

निरोगी त्वचेच्या तळाशी जन्मलेली पेशी वर येऊन गळून पडावयास सुमारे चार आठवडे लागतात. सोरायसिसमध्ये हाच प्रवास चार-पाच दिवसांत उरकतो. अर्धवट वाढलेल्या पेशींचे थर साचतात आणि त्यांच्याच रुपेरी खपल्या होतात. शरीराच्या प्रतिकारयंत्रणेतील बिघाड हे याचे मूळ आहे. हा विकार स्पर्शाने, भांड्याने वा अंथरुणाने कोणासही लागत नाही. तरीही घरातील सुनेचे ताट निराळे ठेवले जाते, मुलाला शाळेत शेवटच्या बाकावर बसविले जाते. रोगाहून हे दुःख मोठे असते, आणि ते देणारे बहुधा घरचेच असतात.

पुस्तकांत चट्टे ‘लाल’ म्हटलेले असतात. ती वर्णने गोऱ्या कातडीवरून केलेली आहेत. आपल्या सावळ्या अंगावर ते जांभळट, तपकिरी किंवा राखी दिसतात, म्हणून रंगापेक्षा खपली आणि कड यांकडेच लक्ष द्यावे. डोक्यातील साधा कोंडा तेलकट, पिवळसर असतो. सोरायसिसच्या खपल्या कोरड्या व जाड असून केसांची रेषा ओलांडून कपाळावर किंवा कानामागे उतरतात. नखांवर शिंप्याच्या अंगुस्तानावर असतात तशा बारीक खळ्या पडतात, किंवा नख टोकाकडून सुटू लागते. खरचटल्या किंवा भाजल्या जागी एक-दोन आठवड्यांनी नवा चट्टा उठणे, हीही एक खूण आहे. लहान मुलांत घसा सुजून बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी अंगभर थेंबाएवढे ठिपके उमटतात. आईला ते घामोळ्यासारखे वाटतात.

गजकर्णाशी याची गल्लत सर्वांत अधिक होते. गजकर्णाचे वर्तुळ कडेने पसरते, मध्यभागी निवळते, आणि घरातील इतरांनाही होते. महारोगाच्या चट्ट्यावर स्पर्श कळेनासा होतो. सोरायसिसच्या चट्ट्यावर तो कळतो, खाजही सुटते. अर्थात, हा निर्णय त्वचारोगतज्ज्ञावरच सोपवावा. खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की बुरशी आहे किंवा नाही ते समजते.

तोवर औषधांच्या दुकानातून विचारून आणलेले मलम लावू नये. यांपैकी अनेकांत स्टेरॉइड असते. त्याने चट्टा आठवड्यात मावळतो, रोगाचे रूप बदलते, आणि मलम थांबविताच तो अधिक जोराने उसळतो. स्टेरॉइडच्या गोळ्या एकाएकी बंद केल्याने सर्वांग लाल होऊन सोलू लागते. तेव्हा रुग्णालयच गाठावे लागते.

सकाळी बोटे आखडत असतील, एखादे बोट मुळापासून टोकापर्यंत सुजले असेल किंवा टाच दुखत असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे. हा विकार सांध्यांतही शिरतो, आणि झालेली झीज भरून येत नाही. चालू औषधांची चिठ्ठीही बरोबर न्यावी. रक्तदाबावरील बीटा ब्लॉकर, लिथियम, क्लोरोक्विन यांनी सोरायसिस बळावू शकतो. ती औषधे बदलावयाची की नाही हे डॉक्टर ठरवितील. आपण होऊन बंद करू नयेत.