एक झाड पिवळे, की सगळे वावर?



कापूस वेचणीच्या ऐन हंगामात आपला एक जुना कार्यकर्ता गेला. वय एक्कावन. अंगाने काटक, पोट सुटलेले नाही, तूप सणावारालाच. रात्री अकराच्या सुमारास छातीत आवळल्यासारखे झाले, दरदरून घाम सुटला. घरचे म्हणाले, पित्त झाले असेल. ओवा दिला, सोडा दिला. पहाटे जीपमध्ये घालून तालुक्याला नेले, तिथून जिल्ह्याला पाठवले, आणि रस्त्यातच सगळे आटोपले. तेराव्याला बसलो असताना एक म्हातारबा म्हणाले, "त्याचे तेवढेच होते." शेजारचा म्हणाला, "हा तर शेटलोकांचा रोग. याला कसा झाला?"

म्हातारबांशी वाद घालायची ती वेळ नव्हती. पण शेजाऱ्याच्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते एकदा नीट समजले की "तेवढेच होते" हे म्हणणे आपल्याला पूर्वीइतके सोपे जाणार नाही.

आंध्र प्रदेशात पूर्व आणि पश्चिम गोदावरी जिल्ह्यांतल्या ४५ खेड्यांत २००३-०४ च्या सुमारास आरोग्य कार्यकर्ते वर्षभर मृत्यू झालेल्या प्रत्येक घरी गेले. माणूस कसा गेला, आधी काय होत होते, हे घरच्यांना बारकाईने विचारले. त्या वर्षातल्या १,३५४ मृत्यूंपैकी सुमारे ३२ टक्के मृत्यू हृदयविकार, पक्षाघात अशा रक्ताभिसरणाच्या रोगांचे निघाले. साथीचे आणि संसर्गाचे रोग त्याच्या बरेच मागे होते. ती खेडी बागायती, आपल्यापेक्षा चार पैसे बाळगून असलेली, हे कबूल. तरी ती खेडीच होती, मुंबईचे मलबार हिल नव्हे. त्याच सुमारास, २००४ साली, ५२ देशांतल्या जवळजवळ तीस हजार माणसांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. इंटरहार्ट हे त्याचे नाव. त्यातून दिसले की हृदयविकाराचा पहिला झटका आपल्या उपखंडातल्या माणसाला साधारण ५३ व्या वर्षी येतो, तर बाकीच्या जगात ५९ च्या आसपास. म्हणजे सहा वर्षे आधी. पोरीचे लग्न व्हायचे असते, सोसायटीचे कर्ज फिटायचे असते, नेमकी तीच सहा वर्षे.

आता मी मूळचा शेतीशास्त्राचा विद्यार्थी, डॉक्टर नाही. म्हणून वावरातूनच बोलतो. कपाशीच्या वावरात एखादेच झाड पिवळे पडले तर आपण ते उपटून मूळ पाहतो. पण सगळे वावरच पिवळे दिसू लागले, तर एकेक झाड तपासत बसणारा माणूस खुळा म्हणायचा. तिथे मातीच पाहावी लागते. पाणी साचले का, नत्र संपले का, हे विचारावे लागते. जेफ्री रोझ नावाच्या इंग्रज डॉक्टरने १९८५ साली हीच गोष्ट माणसांबद्दल मांडली. त्याने केनियातल्या भटक्या गुराख्यांचा रक्तदाब आणि लंडनमधल्या सरकारी नोकरांचा रक्तदाब शेजारी शेजारी ठेवला. लंडनमध्ये काही माणसे आजारी आणि बाकीची ठणठणीत, असे चित्र नव्हते. लंडनचा सगळा जमावच वर सरकलेला होता. ह्याच माणसाला रोग का झाला, हा एक प्रश्न. ह्या सगळ्या लोकांत रोग एवढा का, हा अगदी वेगळा प्रश्न. पहिल्याचे उत्तर दवाखान्यात मिळेल. दुसऱ्याचे उत्तर मिठात, तेलात, तंबाखूत, बाजारभावात आणि सरकारच्या धोरणात शोधावे लागते.

असे उत्तर एका शेतकरी मुलखाने शोधून काढले, म्हणून त्याची हकीकत सविस्तर सांगतो.

फिनलंड या थंड देशाच्या पूर्वेला, रशियाच्या सीमेला लागून, उत्तर कारेलिया नावाचा प्रांत आहे. सत्तरच्या दशकात वस्ती एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास. छोटे शेतकरी, दूधवाले, जंगलात लाकूड तोडणारे. देशातल्या गरीब प्रांतांपैकी एक. १९५८ पासून सात देशांत मिळून एक अभ्यास चालू होता. त्यात दिसले की हृदयविकाराने मरणाऱ्या पुरुषांचे प्रमाण पूर्व फिनलंडात सर्वांत जास्त. लाकूडतोड्यासारखे राबणारे, उन्हातान्हात नसले तरी बर्फात घाम गाळणारे हे गडी चाळिशी-पन्नाशीत कोसळत होते. कष्ट करणाऱ्याला हा रोग होत नाही, ही समजूत तिथेच मोडली.

पुढे काय झाले ते लक्ष देऊन वाचा. १९७१ च्या जानेवारीत त्या प्रांतातल्या लोकप्रतिनिधींनी आणि संस्थांनी एकत्र येऊन देशाच्या सरकारकडे अर्ज केला, की आमची माणसे मरत आहेत, काहीतरी करा. आधी मागणी झाली, मग योजना आली. १९७२ मध्ये काम सुरू झाले. पेक्का पुस्का नावाचा पंचविशी नुकती ओलांडलेला डॉक्टर प्रमुख झाला. सुरुवातीच्या पाहणीत निम्म्याहून जास्त पुरुष विडी-सिगारेट ओढणारे निघाले आणि जवळजवळ प्रत्येक घरी भाकरीवर लोण्याचा थर. भाजी म्हणजे गुरांचे खाणे, असे मानणारा मुलूख.

या मंडळींनी नुसती पत्रके वाटली नाहीत. रक्तदाबाच्या रोग्यांची गावोगाव नोंदवही केली आणि ती सांभाळायचे काम परिचारिकांकडे दिले. गृहिणींच्या मार्था संघटनेला हाताशी धरले. बायका एकत्र जमून जुनेच कालवण कमी चरबीचे आणि जास्त भाज्यांचे करून एकमेकींना खाऊ घालू लागल्या. गावातले ज्यांचे चार लोक ऐकतात असे शेकडो माणूस-बाया निवडून त्यांना शिकवले. पुढे पुढे तर गावागावांत पैजा लागल्या, कोणत्या गावचे सरासरी कोलेस्टेरॉल जास्त उतरते याच्या.

आणि शेतकरी? दूधवाले चिडले, आणि ते चिडणे रास्त होते. दुधाचा भाव स्निग्धांशावर, देशाची दुग्धव्यवस्था लोण्यावर उभी, आणि हा डॉक्टर म्हणतो लोणी कमी खा. आपल्याकडे फॅट मोजून दूध घालणाऱ्याला हा राग समजावून सांगायला नको. त्या योजनेचे शहाणपण मला इथे दिसते. शेतकऱ्याला पापी ठरवून ती पुढे गेली नाही. थंडीत टिकणाऱ्या मोहरीवर्गातल्या तेलबियांचा देशात प्रसार झाला, तिथले तेल तिथेच पिकू लागले. फळे येत नाहीत अशा हवेत रानबोरांसारखी छोटी फळे मात्र येतात. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सरकारी मदतीने त्यांच्या लागवडीचा आणि विक्रीचा कार्यक्रम निघाला आणि काही दूधवाले तिकडे वळले. कालांतराने दुधातल्या प्रथिनांनाही किंमत मिळू लागली. भाव बदलला तसे पीक बदलले, आणि पिकाबरोबर ताटही.

कामकरी वयाच्या, म्हणजे ३५ ते ६४ वर्षांच्या पुरुषांत त्या प्रांतात एक लाखामागे वर्षाला ६७० च्या वर माणसे हृदयविकाराने मरत होती. २००६ पर्यंत हा आकडा शंभराच्या आसपास आला. दर शंभरातले पंच्याऐंशी मृत्यू टळले. काही जाणकार म्हणतात की त्या काळात सगळ्या फिनलंडातच मृत्यू घटले, मग श्रेय एका योजनेचे किती? शंका योग्य आहे. देशभर १९७७ चा तंबाखूविरोधी कायदा आला, औषधोपचारही सुधारले. पण मला श्रेयाची वाटणी करायची नाही. ज्यांना "त्यांचे तेवढेच होते" म्हणत पुरले जात होते, त्यांचे तेवढेच नव्हते, एवढे त्यातून नक्की झाले.

आता आपल्या वावरात या. आपली माती कारेलियाची नाही, म्हणून त्यांची खतमात्रा इथे चालणार नाही. आपल्याकडे लोण्याचा थर कोणाच्या भाकरीवर आहे? आपला रोग वेगळ्या वाटेने येतो. वाट सुरू होते ती आईच्या पोटापासून. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या शेतकरी बाया आणि त्यांची बाळे अभ्यासली. बाळे सरासरी पावणेतीन किलोच्या आतली, इंग्लंडच्या बाळांपेक्षा कितीतरी हलकी. पण अंगावर मांस कमी आणि त्या मानाने चरबी मात्र राखलेली. असे बाळ मोठेपणी मधुमेहाकडे आणि हृदयरोगाकडे लवकर झुकते, असा त्यांचा निष्कर्ष. गरोदरपणात हिरवी पालेभाजी, दूध, फळे ज्यांच्या पोटात गेली त्यांची बाळे जरा धडधाकट निघाली; पाणी वाहण्याचे आणि वावरातले कष्ट जास्त तिथे बाळ लहान. आठव्या महिन्यात निंदणाला जाणारी बाई आपल्या प्रत्येक गावात आहे. काटक गड्याला हा रोग कसा झाला, याचे अर्धे उत्तर इथे आहे.

दुसरे तंबाखूचे. खर्रा हा विदर्भाचा राष्ट्रीय आहार झाला आहे. धूर नाही म्हणून हृदयाला धोका नाही, असे समजू नका; इंटरहार्टमध्ये चघळण्याच्या तंबाखूनेही झटक्याचा धोका वाढलेला दिसला. तिसरे ताटाचे. खरिपाची ज्वारी आपण हौसेने सोडली नाही. भाव नाही, वर डुकरे आणि पाखरे. रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळ येतो, म्हणून ज्वारी पिकवणाराही तेच खातो. करडई आणि जवस गेले, घाणे बंद पडले, आणि देशाला लागणारे निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येते, त्यात पामतेल सर्वांत पुढे. ज्वारी खाल्ली की झटका येत नाही, असे मी मुळीच म्हणणार नाही. तसे कोणी सांगितले तर तो पुड्या विकायला आला आहे असे समजा. पण ताटात काय येते हे आपल्या जिभेपेक्षा भावाने ठरते, आणि भावाचे भांडण आपल्याला नवीन नाही.

चौथी गोष्ट मला सर्वांत जास्त बोचते. २०१४ साली १७ देशांतल्या दीड लाखाहून जास्त माणसांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. श्रीमंत देशांतल्या लोकांत धोक्याची कारणे जास्त होती, आपल्यासारख्या गरीब देशांत कमी. मृत्यू मात्र नेमके उलटे, गरीब देशांत जास्त. कमी चरूनही आपणच मरतो, कारण गोळी आणि दवाखाना वेळेत मिळत नाही. रक्तदाबाची साधी गोळी एका चहापेक्षा स्वस्त आहे. २०१७ मध्ये देशात रक्तदाब नियंत्रणाचा कार्यक्रम निघाला. महाराष्ट्रातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत वर्धा आणि भंडारा होते. ठरलेली औषधे, गावाजवळ पुरवठा आणि प्रत्येक रोग्याची नोंद, असे त्याचे साधे सूत्र आहे. कागदावर हे सूत्र उत्तम आहे. उपकेंद्रात गोळ्या महिनाभर संपलेल्या असतात का, हे तुम्ही सांगायचे.

मी वीस वर्षे माती परीक्षण करा म्हणून गावोगाव सांगत फिरलो. स्वतःचा रक्तदाब पहिल्यांदा मोजला तो चव्वेचाळिसाव्या वर्षी, तोही दुसऱ्याला दवाखान्यात घेऊन गेलो म्हणून. १६० वर १०० निघाला. त्याआधी अंगाला काही म्हणता काही जाणवत नव्हते. तेव्हापासून गोळी चालू आहे.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे तीन ठराव ठेवत आहे. तिशीवरच्या प्रत्येकाचा रक्तदाब उपकेंद्रात मोजून नोंद व्हावी आणि गोळ्या संपल्या तर तो दिवस गावाने लिहून ठेवावा. तालुक्याच्या दवाखान्यात रात्रीसुद्धा ईसीजी निघावा आणि रक्ताची गाठ विरघळवणारे औषध तिथेच मिळावे. ते पहिल्या काही तासांतच खरे कामाचे असते. आणि जिल्ह्यात पिकलेली ज्वारी हमीभावाने घेऊन जिल्ह्याच्याच रेशनवर द्यावी. तोवर एक गोष्ट सरकारशिवायही होते. छातीत आवळले, घाम सुटला, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, तर ओव्याचा डबा शोधू नका. १०८ ला फोन लावा. ईसीजी निघेपर्यंत कोणीही "पित्त" हा शब्द उच्चारायचा नाही.

प्रत्येक गावाने गेल्या तीन वर्षांत साठीच्या आत गेलेल्यांची यादी करून आणावी. नाव नको, वय, काय होत होते, दवाखान्यात पोचायला किती वेळ लागला, एवढेच. बैठक अकराला आहे. रक्तदाबाचे यंत्र दहापासून दारातच मांडलेले असेल. चहा आणि खर्रा मोजणीनंतर.