टिपरीचा कायदा

राजर्षी शाहू छत्रपतींनी आपल्या जन्मदात्या पित्याचे नाव देऊन १९१७ साली वसविलेल्या या जयसिंगपुरात, सरळ आखलेल्या आणि केवळ क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांतून सायंकाळी फेरफटका मारणाऱ्यास अलीकडे सज्ज्यासज्ज्यांतून एक नवीच प्रजा नांदताना आढळते: टीचभर कुंड्या, आणि त्यांत फुगीर, तुकतुकीत पानांची ती बुटकी झाडे, ज्यांना पाठ्यपुस्तके 'मांसल' म्हणतात आणि रोपवाटिकेतला पोऱ्या 'सक्युलंट' म्हणून विकतो.

ही झाडे तोडलेल्या फांदीपासून वाढविता येतात; आणि वस्तुतः फांदी तोडून नवे झाड उभे करण्याची विद्या आम्हां शिरोळ तालुकेकरांना परक्याने शिकवावी अशी नाही, कारण आमचा सारा ऊस तिच्यावरच उभा आहे. नऊ-दहा महिन्यांचे रसरशीत बेणे तोडावे, दोन-दोन डोळ्यांच्या टिपऱ्या कराव्यात, आणि डोळा सुकण्याच्या आत त्या सरीत दाबून पाणी सोडावे, ही वहिवाट इतकी मुरलेली आहे की तोडलेले बेणे उन्हात पडलेले पाहून जुना शेतकरी कासावीस होतो. हाच कायदा मी मोठ्या विश्वासाने या मांसल झाडांपैकी जेडच्या फांदीला लागू केला. तोडताक्षणीच ती काळ्या मातीत खोचून वर तांब्याभर पाणी घातले, आणि आठवड्याभरात तिचे बूड काळे पडून बोट लावताच लिबलिबीत होऊन सुटले.

चूक टिपरीची नव्हे, कायद्याची होती. मांसल झाड आपली शिदोरी अंगातच बाळगते. त्यामुळे तोडलेली फांदी चार-सहा दिवस सावलीत, वाऱ्यावर उघडी ठेवली तरी तिचे काही बिघडत नाही, उलट तेवढ्या मुदतीत जखमेवर खपली धरून कुजविणाऱ्या बुरशीला मज्जाव होतो. नंतर जाडी वाळू किंवा विटेचा चुरा दोन हिस्से आणि खतमाती एक हिस्सा अशा मिश्रणात ती नुसती उभी करावी, आणि मुळे धरेपर्यंत पाण्याचा हुकूम तहकूब ठेवावा. पावसाळ्यात हा उद्योग करू नये. पानापासून रोप करावयाचे तर ते हलके पिळून बुडासकट काढावे, कारण नवा कोंब त्या बुडाशीच फुटतो. अर्धवट तुटलेल्या पानाला मुळे फुटली तरी झाड क्वचितच होते. कोरफडीचे पान मात्र कितीही भक्तिभावाने लावा, ते कुजणारच. तिची बाजूची पिल्लेच वेगळी करावी लागतात. शेराचा चीक डोळ्यांत जाणार नाही, एवढे जपावे.

या जातीच्या काटकसरीचा सुगावा आपल्या पानफुटीने दिला, हे आमच्या हौशी मंडळींना सांगितले की ती चकित होतात. कंपनी सरकारच्या चाकरीतील वनस्पतिज्ञ बेंजामिन हाइने याने हिंदुस्थानातील बागेतली पानफुटी वेगवेगळ्या प्रहरी चावून पाहिली, आणि १८१३ साली एका पत्रात लिहून कळविले की पहाटे आंबट लागणारे हे पान दुपारी बेचव आणि सायंकाळी किंचित कडू लागते. कारण असे, की दिवसा पाणी उडून जाऊ नये म्हणून ही झाडे आपली रंध्रे रात्री उघडून हवेतील कार्बन आम्लरूपाने साठवितात आणि दिवसा, दारे बंद करून, तो खर्चास काढतात. ज्याने जमाखर्च असा चोख ठेवला आहे त्याच्या दारात रोज पाण्याचा तगादा लावणे हा निव्वळ जुलूम होय. सढळ पाणी म्हणजे माया, या समजुतीने आमच्या तालुक्यातील पुष्कळ काळी जमीन क्षारपड करून ठेवली. तीच माया आता कुंडीत उतरते.

आमच्या घरी तिचा अंमल मातोश्रींकडे आहे. "मुकं झाड ते, तहान लागली तरी बोलंल कसं?" हा त्यांचा युक्तिवाद मला अद्याप खोडून काढता आलेला नाही. सबब, सुकत ठेवलेल्या पाच फांद्या मी जुन्या दप्तराच्या कपाटावर, त्यांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेविल्या आहेत; काल दुपारी त्यांनी शेजारून स्टूल मागवून घेतल्याचे वृत्त आहे.

— बागवान