व्याजदर आणि मजुरी

‘मागणी’ हा शब्द अर्थशास्त्र्यांचा म्हणून आपण दूर ठेवतो. परंतु बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील यंत्रे फिरतात ती मागणीवरच. २०२० च्या टाळेबंदीत मालाला गिऱ्हाईक उरले नाही. त्या मे महिन्यात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४.४ वरून ४ टक्क्यांवर आणला. कर्ज स्वस्त व्हावे, कारखानदाराने ते उचलून उत्पादन वाढवावे, हा हेतू. पण माल खपणारच नसेल तर स्वस्त कर्ज तरी कोण घेईल? आणि ज्याच्यापाशी तारणच नाही त्याला या दराचा उपयोग काय?

त्याच महिन्यात केंद्र सरकारने ग्रामीण रोजगार हमीसाठी जादा ४०,००० कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. हा दुसरा मार्ग, सरकारी खर्चाचा. याच पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या मजुराच्या हाती आलेला रुपया पडून राहत नाही. तो तांदूळ, तेल, कापड यांत तत्काळ जातो आणि दुकानदाराकडून कारखान्यापर्यंत पोहोचतो. म्हणून मंदीत मी व्याजदरापेक्षा मजुरीस अधिक महत्त्व देतो.

अट एकच, मजुरी वेळेवर मिळाली पाहिजे. २००५ च्या कायद्याने ती पंधरवड्याच्या आत देण्याचे बंधन घातले होते, ते उगाच नव्हे. मजुरी थकली की मजूर सावकाराकडे जातो, आणि सावकाराचा दर रिझर्व्ह बँक ठरवीत नाही.